नाल्याचा काठ खचतोय? दगडी पाया आणि वाळा, निरगुडी, बांबूची जिवंत भिंत

कोराडी परिसर (ता. कामठी, जि. नागपूर) : नदी-नाल्यालगतच्या जमिनीसाठी मार्गदर्शन

कोलार नदी, तिला मिळणारे नाले आणि पुढे कन्हान नदी यांच्या काठाला ज्यांचे वावर आहे, त्यांना दर पावसाळ्यानंतर धुरा थोडा आत सरकलेला दिसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते, प्रत्यक्षात मात्र कडेची तासे नाल्यात गेलेली असतात. सिमेंटची संरक्षक भिंत एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. दगड-विटांचा मलबा टाकून केलेला बंदोबस्त एक-दोन पुरांत वाहून जातो. अशा लहान व मध्यम नाल्यांसाठी जिवंत भिंत हा उपाय उपयोगी ठरतो. यात पायथ्याला दगड, उतारावर खोल मुळांचे गवत व फुटणाऱ्या फांद्या आणि माथ्यावर झाडांचा पट्टा असतो. सिमेंटची भिंत बांधल्या दिवसापासून जुनी होत जाते. जिवंत भिंत पहिली दोन वर्षे नाजूक असते आणि त्यानंतर दरवर्षी मजबूत होत जाते.

काठ नेमका कशामुळे खचतो?

उपाय ठरविण्यापूर्वी कारण ओळखावे. आपल्या भागात चार कारणे प्रामुख्याने दिसतात.

१. पायथा पोखरणे : वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो. प्रवाह खालची सैल माती किंवा वाळूचा थर काढून नेतो, वरचा भाग छज्जासारखा लोंबतो आणि शेवटी कोसळतो. काळ्या मातीखाली पिवळी चुनखडीयुक्त माती किंवा वाळू असेल, तर हा प्रकार अधिक होतो.

२. पूर ओसरताना कोसळणे : पूर असताना काठाची माती पाण्याने जड होते, पण समोरच्या पाण्याचा तिला आधार असतो. पाणी झपाट्याने उतरले की आधार जातो आणि ओली, जड माती घसरते. त्यामुळे पुराच्या दिवशी टिकलेला काठ दुसऱ्या दिवशी पडलेला दिसतो.

३. काळ्या मातीच्या भेगा : काळी माती उन्हाळ्यात आकसते व भेगाळते, पावसाळ्यात फुगते. काठाला समांतर गेलेली भेग सर्वांत धोकादायक असते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगेत शिरते आणि मातीचा अख्खा कापा सुटतो.

४. शेतातील पाणी : वावरातील पाणी एका जागेवरून काठावरून खाली पडत असेल, तर तेथे घळ तयार होते. अनेक ठिकाणी दोष नदीला दिला जातो, पण खरे कारण आपल्याच शेतातील पाण्याची वाट हे असते.

याशिवाय एक गोष्ट जरूर तपासावी. नाल्याचे तळच दरवर्षी खाली जात आहे का? वाळू उपसा झालेल्या किंवा प्रमाणापेक्षा जास्त खोलीकरण केलेल्या नाल्यात असे होते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर नाला खोलीकरण व रुंदीकरणाची कामे झाली. ज्या ठिकाणी काठ उभे कापून तसेच उघडे सोडले गेले, तेथे ते ढासळून गाळ पुन्हा पात्रात येतो. तळ खाली जात असेल, तर आधी मृद व जलसंधारण विभागाच्या सल्ल्याने तळ धरून ठेवणारा दगडी किंवा गॅबियन बांध घ्यावा लागतो. तळ सुटलेला असताना काठावर केलेली कोणतीही लागवड टिकत नाही.

जिवंत भिंत कोठे करू नये?

• काठाची उंची ३ मीटरपेक्षा जास्त आणि उभी असेल.
• काठाजवळ घर, विहीर, पूल, रस्ता किंवा विजेचा मनोरा असेल.
• कन्हानसारख्या मोठ्या नदीचा थेट मार लागणारे बाहेरचे वळण असेल.
• काठातून वर्षभर पाणी झिरपत असेल.

अशा ठिकाणी अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा. तेथेही झाडे-गवताचा उपयोग होतो, पण भार पेलणारा भाग दगड किंवा गॅबियनचाच असावा लागतो.

भिंतीचे तीन भाग

पायथा : येथे पाण्याचा मार सर्वाधिक असतो आणि बुडालेल्या भागात मुळे तग धरत नाहीत. त्यामुळे पायथ्याला दगड आवश्यक असतो. तळाच्या खाली ६० सें.मी. खोल चर खोदून त्यात मोठे दगड बसवावेत आणि ही रचना तळाच्या वर आणखी ६० सें.मी. आणावी. दगडामागे मुरूम किंवा बारीक खडीचा थर द्यावा. हा थर नसेल, तर दगडांच्या फटीतून माती निघून जाते व मागे पोकळी होते.

उतार : उभा काठ तासून काळ्या मातीत १ मीटर उंचीला २ मीटर आडवा असा उतार द्यावा. मुरमाड जमिनीत १ ला दीड चालतो. या उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी आणि ओळींच्या मध्ये निरगुडी, वाळुंज किंवा गिरीपुष्पाचे खुंट लावावेत.

माथा : काठापासून किमान ५ मीटरचा पट्टा नांगरू नये. त्यात गवत, बांबू आणि करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी काठाची झाडे ठेवावीत. मोठी झाडे अगदी कडेवर लावू नयेत. पोखरलेल्या कडेवरचे मोठे झाड वाऱ्याने पडताना मुळांसकट काठ घेऊन जाते.

वाळाच का?

वाळा (खस) विदर्भाला नवा नाही. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांत व पडद्यांत आपण त्याचीच मुळे वापरतो. ही मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत ती २ ते ३ मीटर खोल पोचतात, त्यामुळे शेजारच्या पिकाशी स्पर्धाही कमी होते. जमिनीवर दाट कुंपण तयार होते. ते पाण्याचा वेग कमी करते आणि गाळ अडवते. पुरात पाने वाकतात, पण ठोंब जागेवर राहतो. कर्नाटकातील गुंडलुपेट भागातील शेतकरी पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मृदसंधारण कामांतून या पद्धतीचा भारतात व बाहेर प्रसार झाला.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, दक्षिण भारतीय प्रकारचा, बी न धरणारा वाळा घ्यावा. उत्तर भारतीय प्रकार बी धरतो व पसरू शकतो. दुसरी म्हणजे, काठावरील वाळ्याची मुळे तेलासाठी किंवा विक्रीसाठी कधीही खोदू नयेत. मुळे काढली की भिंतच काढल्यासारखे होते. मुळांचे उत्पन्न हवे असेल, तर वाळा सपाट वावरात वेगळा लावावा.

५० मीटर काठासाठी हिशेब

२ मीटर उंच, उभा काठ आणि काळी माती धरून केलेला हा हिशेब आहे.

• उतारासाठी द्यावी लागणारी जमीन : ४ मीटर × ५० मीटर = २०० चौ. मीटर, म्हणजे २ आर.
• तासून निघणारी माती : सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या आसपास. वरची चांगली माती शेतात पसरावी. ती नाल्यात ढकलू नये.
• पायथ्याचा दगड : १.२ मीटर उंची × ०.७५ मीटर रुंदी × ५० मीटर = ४५ घनमीटर, म्हणजे सुमारे १६ ब्रास.
• वाळा : दगडाच्या वर उतारावर १ मीटर अंतराने ४ ओळी, ओळीत १५ सें.मी. अंतर. त्यासाठी सुमारे १,३३५ ठोंब लागतात. नांग्या भरण्यासाठी १० टक्के जादा धरून १,५०० तयार ठेवावेत.
• खुंट : ओळींच्या मधल्या ३ पट्ट्यांत दर मीटरला एक, म्हणजे १५०. मर धरून १८० कापावेत.

दोन आर जमीन सोडायची हा निर्णय जड जातो. पण उभा काठ तसाच ठेवला, तर ती जमीन पुढील काही पावसाळ्यांत जाणारच असते आणि त्यानंतर खचणे थांबेल याचीही खात्री नसते. उतार दिलेली जमीन तुमच्याच ताब्यात राहते. तिच्यावरून चारा, मल्चिंगसाठी पाने आणि माथ्यावरून बांबू मिळतो.

जागा कमी असेल तर : चौकट-भिंत

घर, पांदण किंवा संत्र्याची उभी ओळ कडेला असल्याने उतार देता येत नसेल, तर चौकट-भिंत करावी.

१. तळाखाली ६० सें.मी. चर घेऊन पाया दगडाने भरावा.
२. त्यावर पक्व बांबूच्या किंवा लाकडाच्या बल्ल्या एक थर लांबीला व एक थर काठाच्या आत शिरणारा अशा रचून चौकटी कराव्यात. आत जाणाऱ्या बल्ल्या किमान १ मीटर मातीत शिरल्या पाहिजेत.
३. भिंत सरळ उभी न ठेवता काठाकडे झुकती ठेवावी. ४ भाग उंचीला १ भाग मागे असा कल पुरेसा होतो. शेतकरी पातळीवर उंची दीड मीटरपेक्षा जास्त घेऊ नये.
४. नेहमीच्या पाणीपातळीपर्यंत चौकटीत दगड भरावेत. त्यावर माती व शेणखताचे मिश्रण भरून प्रत्येक थरावर निरगुडी, वाळुंजाच्या हिरव्या फांद्या आडव्या ठेवाव्यात. बुडखा मागच्या मूळ मातीपर्यंत पोचावा आणि शेंडा १५ ते २० सें.मी. बाहेर राहावा.
५. प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने घट्ट करावा. पोकळी राहिली की फांद्या वाळतात.

प्रक्रिया न केलेला बांबू मातीत दोन-तीन वर्षेच टिकतो. तोवर मुळांनी भार उचललेला असला पाहिजे. म्हणून पहिल्या वर्षी फांद्या फुटल्या नाहीत, तर त्या लगेच बदलाव्यात.

दोन्ही टोके काठात शिरवा

जिवंत भिंती फसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मोकळी टोके. वरच्या व खालच्या टोकाला दगड आणि लागवड दीड ते दोन मीटर पक्क्या काठात शिरवावी. खचलेला भाग ५० मीटर असेल, तर काम त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे पुढे न्यावे. टोक उघडे राहिले की पाणी भिंतीच्या मागे शिरते आणि एकाच पुरात सगळे सुटते.

कामाचे वेळापत्रक

आपल्याकडे खरी अडचण वेळेची आहे. लागवडीला पाऊस हवा असतो, पण मुळे धरण्याआधीच पहिला मोठा पूर येतो. म्हणून मातीकाम व लागवड वेगवेगळ्या काळात विभागावी.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : काठाची पाहणी, पूररेषेच्या खुणा पाहणे, मोजणी, परवानगी, शेजाऱ्यांशी चर्चा.
• डिसेंबर-जानेवारी : पाणी कमी असताना पायथ्याचे दगडकाम व उतार.
• फेब्रुवारी : ओलिताची सोय असल्यास वाळ्याची लागवड. मे अखेरपर्यंत ठिबक किंवा झारीने नियमित पाणी द्यावे. म्हणजे मृगाच्या पावसापर्यंत मुळांना तीन-चार महिने मिळतात.
• जून अखेर-जुलै : खुंट, बांबू व झाडे. ओलित नसल्यास वाळ्याच्या वरच्या दोन ओळी याच वेळी लावाव्यात आणि खालचा उतार काथ्याच्या जाळीने झाकावा.
• सप्टेंबर अखेर-ऑक्टोबर : पूर ओसरल्यावर खालच्या दोन ओळी, नांग्या भरणे व दुरुस्ती.

वाळ्याची रोपवाटिका एक वर्ष आधी आपल्याच वावरात करावी. चांगल्या वाढलेल्या एका ठोंबापासून साधारण १० लावणीयोग्य ठोंब मिळतात. त्यामुळे १,५०० ठोंबांसाठी २०० मातृठोंब पुरेसे होतात.

लागवडीची पद्धत

वाळा : प्रत्येक ठोंबात २-३ फुटवे ठेवावेत. पाने १५ ते २० सें.मी. व मुळे ५ ते १० सें.मी. ठेवून छाटावीत. समपातळीत चर काढून त्यात शेणखत मिसळावे, ठोंब उभे लावून माती पायाने घट्ट दाबावी. ओळीत खंड ठेवू नये. एका फटीतून पाणी धावले की तेथूनच घळ सुरू होते.

खुंट : ६० ते ९० सें.मी. लांब, २ ते ४ सें.मी. जाड, पक्व पण हिरवे खुंट घ्यावेत. बुडाकडील बाजू तिरकी व शेंड्याकडील सरळ कापावी, म्हणजे उलटे लागत नाहीत. पहारीने आधी भोक पाडावे. खुंटाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जावा. कापलेले खुंट सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावावेत.

काथ्याची जाळी : वरच्या टोकाला ३० सें.मी. चरात पुरावी. वरच्या प्रवाहाकडील पट्टी खालच्या पट्टीवर १५ ते ३० सें.मी. चढवावी, म्हणजे पाणी खाली शिरत नाही. दर मीटरला बांबूची खुंटी मारावी. काथ्या काही वर्षांत कुजून मातीत मिसळतो, तोपर्यंत गवत जागा धरते.

बांबू : मानवेल किंवा कटांग बांबू कडेपासून ३ ते ५ मीटर आत, ४ ते ५ मीटर अंतराने लावावा. त्याची मुळे दाट असली तरी मुख्यतः वरच्या थरात असतात. म्हणून तो माथा धरून ठेवतो, पोखरलेला पायथा नाही. भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला आहे. लागवड व जातींच्या माहितीसाठी नागपूर येथील महाराष्ट्र बांबू विकास मंडळाशी संपर्क साधावा.

काठात राख असेल तर

कोराडी व खापरखेडा परिसरात औष्णिक वीज केंद्रांचे राख बंधारे आहेत. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत खसाळा येथील राख बंधारा फुटून राख नाल्यांत व शेतांत पसरली होती. काठावर राखेचा थर साचला असेल, तर तो वेगळा विचारात घ्यावा. राखेचे कण बारीक असतात व एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे पाणी लागताच त्या वाहून जातात. राखेत नत्र व सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो, बोरॉन मात्र जास्त असू शकते.

• पायथ्यासाठी चर घेताना राखेचा थर पूर्ण काढून मूळ माती लागेपर्यंत खोल जावे.
• उतारावर राख राहिलीच, तर वर १५ सें.मी. मातीचा थर व भरपूर शेणखत द्यावे. खापरखेडा येथील राखेच्या ढिगावर नागपूरच्या 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी शेणखत व जिवाणू खतांच्या मदतीने झाडे वाढवली होती. तेच तत्त्व येथे लागू पडते.
• माती व पाण्याची तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत त्या जागेवरचे गवत जनावरांना न देता आच्छादनासाठी वापरावे.

शेतातील पाण्याची वाट

लागवडीआधी काठापासून ३ ते ५ मीटर आत छोटा आडवा बांध व चर काढावा. शेतातील पाणी त्यातून एका ठिकाणी आणून पाइप किंवा दगडी पायऱ्यांवरून नाल्यात सोडावे. हे काम स्वस्त आहे आणि घळीमुळे खचणाऱ्या काठाचा अर्धा प्रश्न यानेच सुटतो.

हे टाळावे

• बेशरम लावू नये. ती लवकर वाढते, पण पात्रात पसरून प्रवाह अडवते आणि पाणी समोरच्या काठावर लोटते.
• मलबा, टायर, प्लास्टिकच्या गोण्या काठावर टाकू नयेत.
• उन्हाळ्यात धुरे पेटवू नयेत. एका आगीत कोवळे खुंट व काथ्याची जाळी दोन्ही जातात.
• पहिली दोन वर्षे त्या पट्ट्यात जनावरे सोडू नयेत. पाणी पाजण्यासाठी एक निश्चित, दगड अंथरलेली वाट ठेवावी.

परवानगी आणि शेजारी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नदी-नाल्यांची पात्रे शासनाच्या मालकीची आहेत. आपल्या गटातील लागवड वेगळी आणि पात्रात दगड टाकणे वेगळे. पात्रात काम करण्यापूर्वी हद्दीची मोजणी करून घ्यावी आणि तहसील कार्यालय व संबंधित जलसंपदा किंवा जलसंधारण कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम बसत असेल, तर सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत तसा प्रस्ताव द्यावा.

भिंत पात्रात पुढे काढू नये, ती काठाच्या मूळ रेषेतच राहावी. पुढे आलेली भिंत पाणी समोरच्याच्या वावरात ढकलते आणि वाद कोर्टापर्यंत जातो. शक्य असेल तर संपूर्ण वळणावर दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी मिळून काम करावे. विस्तार कर्मचाऱ्यांनी पाहणीच्या वेळीच दोन्ही बाजूंना एकत्र बोलवावे.

तीन वर्षांची देखभाल

पहिले वर्ष : प्रत्येक पुरानंतर २४ तासांत पाहणी करावी. सुटलेले दगड, उघडी जाळी, वाहून गेलेले ठोंब लगेच दुरुस्त करावेत. वाळा दोन-तीन वेळा ४० ते ५० सें.मी. उंचीवर कापावा, म्हणजे फुटवे वाढून ओळ दाट होते. कापलेली पाने तेथेच आच्छादन म्हणून पसरावीत.

दुसरे वर्ष : पावसाळ्यापूर्वी सर्व नांग्या भराव्यात. निरगुडी व वाळुंज जमिनीपासून ३० ते ४० सें.मी. वर छाटावेत. छाटलेल्या फांद्या नवे खुंट म्हणून वापरता येतात.

तिसरे वर्ष : ओळींमागे गाळ साचून लहान पायऱ्या तयार झाल्या, हरळी-मारवेल आपोआप आले आणि काठाला समांतर भेगा दिसत नाहीत, तर भिंत धरली असे समजावे. पुढे वर्षातून एक कापणी व पुरानंतरची एक फेरी पुरेशी होते.

काम सुरू करण्यापूर्वी धुऱ्यावर काठापासून ठरावीक अंतरावर दोन दगडी खुणा रोवाव्यात. दरवर्षी दिवाळीनंतर तेथून कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. काठ थांबला की अजून सरकतो आहे, हे त्या आकड्यावरून स्पष्ट कळते. नुकसानीचा पंचनामा किंवा कामाचा प्रस्ताव देतानाही ही नोंद उपयोगी पडते.